देवी-गोवर ओळखणारे हकीम : अबू बक्र राझी

वाचकहो, आपल्या सांगली-मिरजेकडील किंवा जत-आटपाडीकडील एखाद्या वयोवृद्ध गृहस्थांच्या दंडाकडे जरा निरखून पाहा. तेथे एकदोन गोल वण दिसतील. लहानपणी 'देवी काढल्या' त्याची ती खूण आहे. गावात 'देवी डॉक्टर' आले की पोरे घरामागे दडून बसत आणि आई त्यांना दंडाला धरून बाहेर काढी, असे ही मंडळी हसत हसत सांगतात. ज्या रोगासाठी तो वण घ्यावा लागला, तो देवीचा रोग आता जगात उरलेला नाही. त्याचा धाकटा भाऊ समजला जाणारा गोवर मात्र अजून आहे, आणि तो आजही मुलांचे प्राण घेतो. या दोन रोगांना समोरासमोर ठेवून त्यांच्यातील फरक ज्यांनी नीट लिहून ठेवला, त्या हकीम अबू बक्र मुहंमद इब्न झकरिया राझी यांची ओळख या पानांतून करून घ्यावी, असा विचार आहे. मुलांच्या आजारात आईबापांनी काय करावे, हा प्रश्न त्यांच्याही काळी होता आणि आपल्याही घरी आहे.

राझी यांचा जन्म इराणातील रय या शहरी सुमारे इ.स. ८६५ मध्ये, म्हणजे हिजरी २५१ मध्ये झाला. हे शहर आजच्या तेहरानला लागून आहे. रयचा राहणारा तो राझी, असे हे नाव पडले. युरोपातील लोकांनी त्याचे 'ऱ्हाझेस' केले. तरुणपणी त्यांना गाण्याबजावण्याचा नाद होता आणि ते ऊद हे तंतुवाद्य वाजवीत. काही चरित्रकार म्हणतात की ते सराफीही करीत. पुढे किमयेच्या, म्हणजे आजच्या भाषेत रसायनाच्या, प्रयोगांत त्यांनी बराच काळ घालविला. वैद्यकाकडे ते उशिरा, तिशी उलटल्यावर वळले, असे जुन्या नोंदींवरून दिसते. विद्यार्थी मित्रांनो, एखाद्या परीक्षेत मागे पडल्याने ज्यांना आपले दिवस संपले असे वाटते, त्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

वैद्यकात मात्र त्यांनी फार लवकर नाव कमाविले. प्रथम रयच्या आणि नंतर बगदादच्या रुग्णालयाचे ते प्रमुख झाले. बगदादच्या रुग्णालयासाठी जागा निवडताना त्यांनी शहराच्या निरनिराळ्या भागांत मांसाचे तुकडे टांगून ठेवले आणि जेथे मांस सर्वांत उशिरा सडले ती जागा पसंत केली, अशी एक गोष्ट सांगतात. गोष्ट मोठी गोड आहे. पण ती ज्या अदुदी रुग्णालयाशी जोडली जाते, ते राझी वारल्यानंतर पन्नासहून अधिक वर्षांनी उभे राहिले. तेव्हा ती खरी मानण्याचा आग्रह आपण धरू नये. राझी यांचा मोठेपणा तिच्यावाचून अडत नाही.

त्यांच्या शिकविण्याच्या पद्धतीची हकीगत मात्र विश्वास ठेवण्याजोगी आहे. बगदादचे ग्रंथसूचीकार इब्न अन्-नदीम यांनी ती नोंदवून ठेवली आहे. राझी मध्यभागी बसत. त्यांच्याभोवती त्यांचे शिष्य, त्या शिष्यांभोवती शिष्यांचे शिष्य, आणि त्यापलीकडे आणखी एक वर्तुळ. रोगी आला की प्रथम सर्वांत बाहेरच्या मंडळींना आपले म्हणणे सांगे. त्यांना उमगले नाही तर आतल्या वर्तुळाकडे जाई. कोणालाच उलगडा झाला नाही, तर राझी स्वतः बोलत. मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आज वरिष्ठ डॉक्टरांमागून विद्यार्थ्यांचा घोळका वॉर्डात फिरताना आपण पाहतो. त्याचे मूळ रूप काहीसे असेच असावे. गरिबांना ते पैसे न घेता तपासत, इतकेच नव्हे तर त्यांच्या पोटापाण्याचीही तजवीज करीत. ज्यांना हकीम गाठता येत नाही अशा गोरगरिबांसाठी त्यांनी एक निराळे पुस्तकच लिहिले आणि त्यात बाजारात व स्वयंपाकघरात मिळणाऱ्या वस्तूंचे उपचार दिले.

आता मुख्य विषयाकडे येऊ. त्यांच्या देवी-गोवरावरील पुस्तकाचे नाव 'किताब अल्-जुदरी वल्-हस्बा'. जुदरी म्हणजे देवी आणि हस्बा म्हणजे गोवर. पुस्तक लहान, चौदा प्रकरणांचे आहे. त्याआधीच्या वैद्यांना हे रोग ठाऊक नव्हते असे नाही. त्यांचे ओझरते उल्लेख सापडतात. पण केवळ याच दोन रोगांवर लिहिलेले आणि आज उपलब्ध असलेले सर्वांत जुने पुस्तक हेच समजले जाते.

हा रोग बहुतेक प्रत्येक मुलाला का होतो, असा प्रश्न राझी यांना पडला. त्यांचे उत्तर तासगावच्या द्राक्षबागायतदाराला चटकन समजेल. मुलाचे रक्त हे नुकत्याच काढलेल्या द्राक्षरसासारखे आहे, असे ते मानीत. ताजा रस ठेवला की फसफसतो, वर फेस येतो आणि मग तो निवळतो. तसे बालपणीचे रक्त तारुण्याचे रक्त होताना फसफसते आणि त्या उफाळ्यात देवी अंगावर उठतात, असा त्यांचा तर्क होता. हा तर्क चुकीचा होता. रोग एकापासून दुसऱ्याला लागतो हे त्यांच्या या तर्कात बसत नव्हते, आणि विषाणू ही वस्तू तर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत कोणालाच माहीत नव्हती. तथापि मुलांनाच हा रोग अधिक का होतो आणि एकदा होऊन गेल्यावर पुन्हा सहसा का होत नाही, या दोन खऱ्या गोष्टी त्यांनी बरोबर हेरल्या होत्या. कारण चुकले, निरीक्षण चुकले नाही.

निरीक्षणात ते किती बारीक होते ते पाहा. अंगावर पुरळ येण्यापूर्वीच कोणता रोग येऊ घातला आहे हे ओळखण्याचा त्यांचा प्रयत्न होता. सतत ताप, नाकाला खाज आणि झोपेत दचकणे ही लक्षणे त्यांनी नोंदविली. पाठ दुखणे हे देवीत जास्त; जीव घाबरणे, मळमळणे व बेचैनी ही गोवरात जास्त, असा फरक त्यांनी सांगितला. कोणते फोड बरे होणारे आणि कोणते घात करणारे, हेही लिहिले. सुटे, मोठे, पांढरट फोड आले तर आशा आहे. एकमेकांत मिसळलेले, हिरवट, जांभळे किंवा काळे पडलेले फोड वाईट. गोवर हा देवीपेक्षा अधिक भिण्याजोगा आहे, फक्त डोळ्यांना मात्र देवीपासून जास्त धोका आहे, असेही त्यांचे मत होते. ज्या काळी लोक देवीच्या नावाने थरथरत, त्या काळी गोवराला एवढे गंभीर मानणारा हकीम विरळाच.

उपचारांचा भाग आईबापांनी लक्षपूर्वक वाचावा असा आहे. सुरुवातीला ताप चढत असता थंड पाणी पाजावे. पुरळ उठू लागला की अंगावर पांघरूण घालावे, गरम पाण्याची भांडी जवळ ठेवून वाफ द्यावी, आणि तेव्हाही थोडे थोडे पाणी पाजीत राहावे. डोळ्यांत गुलाबपाण्याचे थेंब सोडावेत आणि दिवसातून अनेकदा ते थंड पाण्याने धुवावेत. घशासाठी गुळण्या कराव्यात, नाक, कान व सांधे यांची काळजी घ्यावी. आहार हलका असावा. सातूचे पाणी त्यांच्या विशेष आवडीचे होते.

येथे एक गोष्ट स्पष्टच बोलली पाहिजे. गोवर 'बाहेर पडला पाहिजे, औषध दिले तर तो आत जिरतो', ही समजूत आपल्या दादी-नानींत अजून आहे. पुरळ बाहेर काढावा हे राझी यांनाही वाटे, आणि त्यात ते आपल्या काळाबरोबर चालले. पण मुलाचे पाणी तोडावे, खाणे तोडावे आणि अंधाऱ्या खोलीत त्याला टाकून नशिबाची वाट पाहावी, असे त्यांच्या पुस्तकात नाही. त्यांचे सारे लक्ष त्या मुलाच्या डोळ्यांकडे, घशाकडे आणि श्वासाकडे आहे.

आज आपल्याला काय माहीत आहे? गोवराचा विषाणू १९५४ साली अमेरिकेत एन्डर्स आणि पीबल्स यांनी वेगळा केला आणि १९६३ साली लस निघाली. त्या विषाणूला मारणारे खात्रीचे औषध मात्र आजही नाही, हे ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटते. जंतूंना मारणारी अँटिबायोटिक्स विषाणूवर चालत नाहीत. गोवरानंतर फुप्फुसात किंवा कानात जंतू शिरले तरच डॉक्टर ती देतात. विषाणू आपल्या पेशीत शिरतो आणि पेशीचीच यंत्रणा वापरून स्वतःच्या प्रती काढतो. घरात शिरलेला चोर घरच्याच चुलीवर स्वयंपाक करू लागला, तर चूल न फोडता चोराला कसे हुसकावयाचे, तसा हा पेच आहे.

काही विषाणूंच्या बाबतीत हा पेच सुटला आहे. अमेरिकेतील संशोधक गर्ट्रूड एलियन यांना १९८८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या प्रयोगशाळेतून असायक्लोव्हिर हे औषध आले. ते पेशीत गेले तरी सहसा निष्क्रिय राहते. नागीण, कांजिण्या यांच्या विषाणूने आपले विकर तेथे तयार केले असेल तरच त्याचे विषात रूपांतर सुरू होते. त्यामुळे बाधित पेशीतच ते मुख्यतः काम करते. हर्पिसच्या विषाणूने मुलाच्या मेंदूला सूज आली, किंवा कर्करोगाच्या उपचाराने दुबळ्या झालेल्या मुलाला कांजिण्या आल्या, तर हे औषध शिरेतून दिले जाते आणि त्याने प्राण वाचतात. निरोगी मुलाच्या साध्या कांजिण्यांना ते बहुधा लागत नाही. फ्लूसाठी ओसेल्टामिव्हिर आहे. ऑगस्ट २००९ मध्ये पुण्यात एका चौदा वर्षांच्या शाळकरी मुलीचा स्वाइन फ्लूने मृत्यू झाला, तो देशातील त्या साथीचा पहिला बळी. त्या दिवसांत या औषधाचे नाव घरोघर पोहोचले. आजार सुरू झाल्यापासून पहिल्या ४८ तासांत दिले तर त्याचा गुण अधिक, म्हणून आजारी मुलाबाबत उद्या पाहू, परवा पाहू, हे चालत नाही. आणि एक सूचना : फ्लू किंवा कांजिण्या झालेल्या मुलाला ताप उतरविण्यासाठी ॲस्पिरिन देऊ नये. त्याने यकृत व मेंदू यांना इजा करणारा दुर्मिळ पण भयंकर विकार होऊ शकतो.

गोवरात मात्र राझी यांच्याच वाटेने जावे लागते. म्हणजे नीट शुश्रूषा, पाणी, आहार आणि धोक्याच्या खुणांवर नजर. त्यात एक मोठी भर पडली आहे ती 'अ' जीवनसत्त्वाची. गोवर झालेल्या मुलाला लागोपाठ दोन दिवस त्याचा डोस द्यावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. एक वर्षावरील मुलाला दर वेळी २ लाख युनिट, सहा ते अकरा महिन्यांच्या बाळाला १ लाख आणि त्याहून लहानाला ५० हजार. हे मोजमाप डॉक्टरांनी करावयाचे आहे, घरी अंदाजाने नव्हे. याने मृत्यू कमी होतात आणि डोळे वाचतात. राझी डोळ्यांसाठी एवढी धडपड का करीत होते, ते आता कळते. श्वास जलद चालणे, झटके येणे, मूल गुंगीत जाणे, पाणी किंवा दूध न घेणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच घटकेला दवाखाना गाठावा.

औषध खरोखर गुणकारी आहे की नाही हे ठरवावयाचे कसे, याचाही राझी यांनी विचार केला होता. मेंदूच्या आवरणाला सूज येण्याची चिन्हे दिसू लागलेल्या रोग्यांपैकी काहींचे त्यांनी रक्त काढले आणि काहींचे मुद्दाम काढले नाही, मग दोघांत काय फरक पडतो ते पाहिले. रक्त काढणे हा उपाय आज आपण मानीत नाही. परंतु दोन गट करून पाहण्याची ही कल्पना अकराशे वर्षांपूर्वीची आहे, हे विसरू नये.

तीच रीत आपल्या देशात देवीवरच वापरली गेली. १९६३ साली मद्रास येथे देवीच्या रोग्यांच्या सहवासात आलेल्या माणसांवर मेथिसाझोन या औषधाची परीक्षा झाली. औषध दिलेल्या ११०१ जणांत फक्त तिघांना सौम्य देवी आल्या. औषध न दिलेल्या ११२६ जणांत ७८ जणांना आल्या आणि १२ जण दगावले. विषाणूविरोधी औषधांच्या इतिहासातील हे आरंभीचे पान आहे. पुढच्या परीक्षांत मात्र एवढा गुण दिसला नाही, औषधाने उलट्या फार होत, आणि एकदा रोग अंगावर उठल्यावर त्याचा उपयोग नव्हता. देवी हटली ती लसीने.

ती लस आपल्या मुलखात कशी आली, ही हकीगत राझी यांच्या चरित्राला जोडूनच सांगावयास हवी. जेन्नर यांनी १७९६ साली इंग्लंडात लस शोधली. तेव्हा बर्फाची पेटी नव्हती. एका माणसाच्या दंडावरील फोडातील लस दुसऱ्याच्या दंडात टोचीत टोचीत ती पुढे न्यावी लागे. व्हिएन्नाहून इस्तंबूल, तेथून बगदाद, मग बसरा आणि तेथून जहाजाने मुंबई, असा तिचा प्रवास झाला. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचली गेली, आणि तिच्या दंडावरून ती हिंदुस्थानभर पसरली. ज्या बगदादच्या रुग्णालयात राझी यांनी रोगी तपासले, त्याच शहरातील माणसांच्या दंडावरून देवीचा उतारा आपल्या किनाऱ्यास लागला. १९७५ च्या मे महिन्यात भारतात देवीचा शेवटचा रोगी सापडला आणि १९८० साली जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर झाले.

गोवराची लस आज सरकारी दवाखान्यात मोफत आहे. पहिला डोस नऊ महिने पुरे झाल्यावर, दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान. तरीही २०२२ च्या अखेरीस मुंबईतील गोवंडी, तसेच भिवंडी आणि मालेगाव येथे गोवराची मोठी साथ आली आणि मुले दगावली. लस न मिळालेल्या मुलांची संख्या त्यांत मोठी होती. या वस्त्या कोणाच्या आहेत, हे आपणांस सांगावयास नको. दाटीची घरे, रोजगारासाठीची भटकंती, कुपोषण ही कारणे खरीच. पण २०१८ सालच्या गोवर-रुबेला मोहिमेत काही ठिकाणी अफवांमुळे पालकांनी मुलांना शाळेत पाठविले नाही, हेही खरे आहे. राझी यांचे नाव अभिमानाने घेणाऱ्या समाजात हे घडावे, याचे वाईट वाटते.

राझी यांच्या उरलेल्या आयुष्याकडे वळू. ते अखंड लिहीत. एका वर्षात त्यांनी बारीक अक्षरात वीस हजारांहून अधिक पाने लिहिली आणि एका मोठ्या ग्रंथासाठी पंधरा वर्षे रात्रंदिवस खपले. त्यापायी नजर मंदावली, हाताचे स्नायू दुबळे झाले, आणि मग ते दुसऱ्याकडून वाचून व लिहून घेऊ लागले. हे त्यांनी स्वतःच आपल्या आचरणाविषयीच्या निबंधात नमूद केले आहे. जालिनूस, म्हणजे गेलन, या ग्रीक वैद्याला ते गुरू मानीत. तरी त्याच्या शंकास्पद विधानांवर त्यांनी एक पुस्तक लिहिले. तत्त्वज्ञानातील त्यांची काही मते उलमांना मुळीच मान्य झाली नाहीत आणि त्यांच्यावर कडक टीका झाली. थोर विद्वान अल्-बिरूनी यांनाही ती मते पटली नव्हती. पण याच बिरूनी यांनी राझी यांच्या १८४ ग्रंथांची यादी परिश्रमाने तयार केली. मतभेद ठेवूनही इल्मची कदर कशी करावी, याचे असे उदाहरण शोधून सापडणार नाही.

अखेरीस मोतीबिंदूने त्यांची दृष्टी गेली. एक शस्त्रवैद्य डोळे उघडण्यास आला, तेव्हा डोळ्याला किती पडदे असतात असे राझी यांनी त्यास विचारले. त्याला सांगता येईना. ज्याला हे ठाऊक नाही त्याच्या हाती डोळा देण्यास त्यांनी नकार दिला. शिवाय जग पुरेसे पाहून झाले, असेही ते म्हणाल्याचे सांगतात. हिजरी ३१३ मध्ये, म्हणजे इ.स. ९२५ च्या सुमारास, रय येथेच ते वारले.

त्यांनी रोग्यांविषयी करून ठेवलेल्या टिपणांचा ढीग घरी पडून होता. रयचे वजीर इब्न अल्-अमीद यांच्या पुढाकाराने शिष्यांनी तो जुळविला आणि त्याचा 'अल्-हावी' हा प्रचंड ग्रंथ झाला. सिसिलीतील ज्यू विद्वान फरज बिन सालिम यांनी १२७९ साली तो लॅटिनमध्ये उतरविला आणि १४८६ साली इटलीत तो छापला गेला. देवी-गोवरावरील पुस्तकाचेही लॅटिन अनुवाद झाले. ते १७६६ साली लंडनमध्ये अरबीसह छापले गेले आणि १८४८ साली त्याचे इंग्रजी भाषांतर आले. 'अल्-हावी'चा मूळ अरबी पाठ मात्र विसाव्या शतकापर्यंत थांबला. तो १९५५ पासून हैदराबाद-दख्खनच्या दाइरतुल मआरिफ या संस्थेने भागशः छापावयास घेतला, आणि त्याचे २३ भाग झाले.